गोड मिरचीचे बी

'गोड' आणि 'मिरची' हे दोन शब्द विशेषण आणि विशेष्य म्हणून शेजारी शेजारी बसलेले एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत दिसले असते, तर मी त्याखाली तांबडी रेघ ओढली असती. मिरची गोड कशी असेल? आपल्याकडची ढब्बू मिरची तिखट नसते हे कबूल. पण तिखट नसणे म्हणजे काही गोड असणे नव्हे. ती बिचारी कसलीच नसते. तिला बेसन पेरावे, दाण्याचे कूट घालावे, वर गोडा मसाला लावावा, तेव्हा कुठे ती चार भाज्यांच्या पंक्तीला बसवण्यासारखी होते.

माझे हे मत २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात बदलले, आणि ते बदलण्यासाठी मला न्यू जर्सीपर्यंत जावे लागले.

अर्थात मी तिकडे गेलो तो मिरच्या खाण्यासाठी नव्हे. २०२२च्या डिसेंबरात माझे भावोजी तिथे वारले. दारातला बर्फ उपसून ते घरात आले, चहा टाक म्हणाले, आणि चहा कपात ओतला जाईपर्यंत सारे संपले होते. ताईचा मुलगा कॅलिफोर्नियात. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्निया इतके लांब, की पुण्याहून कलकत्ता त्याच्या निम्म्यावरही येत नाही. तो आला, महिनाभर राहिला आणि नोकरीवर परत गेला. ताई रोज फोनवर बोलायची. हवापाण्याचे, विम्याच्या कागदपत्रांचे, घराच्या करांचे बोलायची. एके दिवशी आई मला म्हणाली, "तू जा तिच्याकडे. ती फोनवर रडत नाही, त्याचंच मला भय वाटतं."

मी बिनपगारी रजा काढली आणि एप्रिलच्या मध्यावर ताईकडे दाखल झालो. पाहुण्याला तिकडे साधारण सहा महिने राहू देतात. मराठीचा प्राध्यापक न्यू जर्सीत सहा महिने काय करणार? पहिले तीन आठवडे मी भांडी यंत्रात लावली आणि ताईबरोबर चहा प्यालो. ती रडत नव्हती हे खरेच होते. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली. स्वयंपाकघराची एक खिडकी मागच्या अंगणावर उघडत होती, आणि तिचा पडदा दिवसभर ओढलेला असे. मागचे अंगण हे भावोजींचे राज्य होते. मुंबईत तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या त्या माणसाने तिथे तीस वर्षे भाज्या काढल्या होत्या. आता तिथे मागल्या वर्षीचे वाळके खुंट तेवढे उभे होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात एक अगदी म्हातारे गृहस्थ उभे. पाठीत थोडे वाकलेले, डोक्याला कापडी टोपी, आणि हातात पुठ्ठ्याचे खोके. खोक्यात दह्याचे बारा रिकामे डबे, आणि प्रत्येक डब्यात वीतभर उंचीचे एक तजेलदार रोप. हे शेजारचे आजोबा. सारी आळी त्यांना 'नोन्नो' म्हणे. इटालियनमध्ये नोन्नो म्हणजे आजोबाच. वय शहाऐंशी.

"दरवर्षीप्रमाणे आणलीत," ते म्हणाले.

ताई म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही हो. ते होते तेव्हा ठीक होतं."

"रोपांना जागा तर लागेल." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "हा कोण?"

"माझा भाऊ. कॉलेजात मराठी शिकवतो."

"म्हणजे याला वेळ आहे," नोन्नो म्हणाले, आणि खोके त्यांनी माझ्या हातात दिले.

माझ्या शेतीला सुरुवात झाली ती अशी. मेच्या दुसऱ्या रविवारचा मुहूर्त काही पंचांगातला नव्हता. त्या भागात साधारण त्या सुमाराला रात्रीचे दहिवर गोठायचे थांबते, आणि मिरचीला थंडी म्हणजे मृत्यू. बी मात्र आठ-दहा आठवडे आधी, मार्चमध्येच, घरात उबेला पेरावे लागते. नोन्नो पाणी तापवायच्या टाकीवर डबे ठेवीत. चांगली ऊब असली तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. गारठ्यात तेच बी महिनाभर रुसून बसते आणि शेवटी कुजते.

ते कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसायचे आणि मला हुकूम सोडायचे. रोपाच्या देठाभोवती पुठ्ठ्याची बांगडी घाल, नाही तर अळी रात्री कुऱ्हाड घातल्यासारखे रोप तोडते. पाणी बुडाशी घाल, पानांवर नको. एक दिवस खूप आणि चार दिवस कोरडे असे करू नकोस, फळाचे टोक काळे पडून सडेल. खत फार दिलेस तर पानेच पाने येतील. तुला काय पानांची भाजी करायची आहे? पहिले फूल खुडून टाक. हा शेवटचा हुकूम मला फार कठोर वाटला होता. पण रोप आधी अंगाने भरले पाहिजे, लेकुरवाळे नंतर होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या मिरचीला नाव नव्हते. "मम्माची मिरची" एवढेच ते म्हणत. इटलीच्या दक्षिणेला, बुटाच्या टाचेच्या आणि बोटांच्या मधोमध, बाझिलिकाता नावाचा डोंगराळ आणि गरीब प्रांत आहे. त्यांची आई तिथल्या एका खेड्यातून बोटीने अमेरिकेत आली, आणि येताना लुगड्याच्या, म्हणजे झग्याच्या, शिवणीत हे बी घेऊन आली. ही गोष्ट त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी बी निराळ्या जागी शिवलेले असे. मी पाठभेदांचा माणूस असल्याने मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे वाचनात आले, की त्याच प्रांतातल्या रुओती गावाचे नार्डेल्लो नावाचे दांपत्य १८८७ साली कनेटिकट राज्यातल्या नॉगटक गावी येऊन राहिले आणि त्यांनीही आपल्या मिरचीचे बी आणले होते. त्यांच्या अकरा मुलांपैकी जिमी या चौथ्या मुलाने जन्मभर ती मिरची लावली आणि १९८३ साली मृत्यू येण्यापूर्वी तिचे बी 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' या संस्थेकडे सोपवले. जुन्या घरगुती बियाण्यांचा सांभाळ करण्यासाठी ही संस्था १९७५ साली निघाली. आज 'जिमी नार्डेल्लो' ही मिरची अमेरिकेतल्या बियाण्यांच्या यादीत नावानिशी मिळते. एखाद्याचे नाव असे मिरचीने चालवावे! आपल्याकडे लोक त्यासाठी देवळाच्या पायरीवर फरशी बसवतात.

नोन्नोंच्या मम्माची मिरची मात्र कोणत्याच यादीत नव्हती. ती फक्त दोन कुंपणांत होती, त्यांच्या आणि भावोजींच्या.

आता माझ्या कर्तबगारीकडे वळतो. ताईच्या घराच्या पुढच्या पायऱ्यांवर पाच कुंड्या होत्या. त्यांत आपल्या लवंगी मिरचीची रोपे होती. ठेच्यासाठी ती दरवर्षी ताई स्वतः लावायची. शोक असो की सुतक, मार्च आला की तिचे हात आपोआप ते बी पेरीत. जूनमध्ये माझ्या मनात आले, की या बिचाऱ्या कुंडीत का गुदमरताहेत? मागे इतके ऊन आहे, इतकी माती आहे. शिवाय मिरच्या मिरच्यांत शोभतात. कथा एका फळीवर, कविता एका फळीवर, तशी सारी मिरची एका वाफ्यात. मी पाचही रोपे उचलली आणि नोन्नोंच्या बारा रोपांच्या ओळीला लागूनच लावली.

ताई म्हणाली, "ती पुढेच ठेवायचे हे."

"का?"

"काय ठाऊक! मागे लावू द्यायचे नाहीत. त्यांचं काहीतरी असे."

आम्ही दोघे हसलो. भावोजींची बरीच 'काहीतरी' होती. गॅरेजमध्ये मला एका डब्यात तीस-चाळीस चिमुकल्या पिशव्या सापडल्या, पातळ मलमलीच्या, तोंडाला नाडी असलेल्या. ताई म्हणाली, "माझ्या जुन्या ओढण्यांच्या आहेत. मीच शिवून दिल्यात. बियांना लागतात म्हणायचे." बी ठेवायला पिशव्या, हे माझ्या बुद्धीला पटले. दोन मोठ्या बघून मी मटकीला मोड आणायला घेतल्या. मोड उत्तम आले.

ऑगस्टमध्ये मिरच्या पिकल्या. वीतभर लांब, करंगळीपेक्षा थोड्या जाड, वाकड्यातिकड्या, आणि हिरव्यातून काळपट होत होत एके सकाळी एकदम कुंकवासारख्या लाल. साल अगदी पातळ. नोन्नोंनी त्या कापू दिल्या नाहीत. कढईत ऑलिव्ह तेल, त्यात अख्ख्या देठासकट मिरच्या, वर झाकण. साल सुरकुतून जागोजाग काळी पडली की जाडे मीठ. देठाला धरून तोंडात घालायची आणि देठ तेवढा बाहेर काढायचा. मी भीत भीत चावा घेतला. पन्नाशीकडे झुकलेल्या माझ्या जिभेची इतक्या वर्षांची समजूत त्या एका चाव्यात कोसळली. ती गोड होती. साखरेसारखी नव्हे, भाजलेल्या कांद्याच्या पोटात जो गोडवा असतो त्याच्या जातीचा, पण त्याहून मोकळा, आणि मागे किंचित धुरकट. मी अकरा खाल्ल्या. ताईने चौदा खाल्ल्या, आणि मधेच उठून तिने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बाजूला केला. "धूर झालाय," ती म्हणाली. धूर काही फारसा झाला नव्हता.

त्या दिवसांत आमच्या कुंपणावर मोठी विद्वत्ता चाले. बाझिलिकातातल्या सेनिझे गावी लाल मिरच्यांच्या माळा गच्चीवर वाळत घालतात, आणि वाळलेली मिरची तेलात क्षणभर सोडून कुरकुरीत करतात, हे ऐकून ताईने आपली सांडगी मिरची तळून नोन्नोंना दिली. त्यांनी ती खाल्ली, डोळे मिटले आणि तीन पेले पाणी प्याले. (सेनिझेच्या मिरचीला १९९६पासून युरोपात भौगोलिक नावाचे संरक्षण आहे, आमच्या सांडग्यांचे कोण बघतो?) नाताळ संपून ईस्टरपूर्वीचे उपास लागले, की शुक्रवारी मांस वर्ज्य, तेव्हा तळलेल्या मिरच्या आणि अंडी पावात घालून खायची, ही त्यांच्या घरची रीत. शाबूदाण्याच्या खिचडीचीच ती चुलत बहीण.

मला मात्र शब्दांत अधिक रस. इटालियनमध्ये मिरचीला 'पेपेरोने' म्हणतात, आणि तो शब्द 'पेपे' म्हणजे मिरे यावरून आला. आपला 'मिरची' हा शब्दही मिऱ्यावरूनच. कोलंबस मिऱ्याच्या शोधात निघाला, त्याला अमेरिकेत मिरची भेटली, आणि १४९३ साली तो परत आल्यावर ती युरोपात पोचली. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. दोन्हीकडच्या लोकांनी या नव्या पाहुणीला जुन्या मिऱ्याचेच नाव लावले. तेव्हा सावता माळ्यांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात जी मिरची येते, तिचे काय करायचे? सावतामहाराजांची समाधी १२९५ची. मिरची आली त्यानंतर दोनशे वर्षांनी. मी हा प्रश्न दरवर्षी वर्गात टाकतो आणि सांगतो, की मुखोद्गत परंपरेत असे चालायचेच. कोण्या गाणाऱ्याने आपल्या मळ्यातला शब्द संतांच्या मळ्यात लावला. हे सांगताना माझ्या आवाजात त्या गाणाऱ्याबद्दल थोडा उपहास असतो. असायचा, म्हणतो.

ऑगस्टच्या शेवटी नोन्नो घसरून पडले. हाड मोडले नाही, पण ओहायोहून त्यांची लेक आली आणि तिने ठरवले, की आता यांना एकटे ठेवायचे नाही. घर विकायचे, वडिलांना आपल्याकडे न्यायचे. या धांदलीत त्यांच्या परसाचे फाटक उघडे राहिले आणि एका ग्राउंडहॉगने, म्हणजे आपल्या घुशीच्या मांजराएवढ्या थोरल्या भावाने, दोन रात्रींत सारा वाफा जमीनदोस्त केला. मम्माची मिरची आता एकाच कुंपणात उरली, आणि त्या कुंपणाचा राखणदार मी.

नोन्नो काठी टेकत आले. म्हणाले, "बी धर. सगळ्यांत चांगल्या झाडाची फळं घे. लाल झाली तरी तोडू नकोस, सुरकुतू दे." आणि मग विचारले, "पिशव्या घेतल्या होत्यास ना?"

मला गॅरेजमधला डबा आठवला आणि मटकी आठवली. "हो," मी म्हणालो, "घेतल्या होत्या."

मी फळे चिरली, बी काढले, स्टीलच्या ताटांत पसरून सावलीत आठ दिवस वाळवले. दोन पाकिटे केली. एक ताईच्या फ्रिजच्या दारात ठेवले. दुसरे, ज्या दिवशी गाडी त्यांना न्यायला आली, त्या दिवशी नोन्नोंच्या हातात दिले. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात घातले आणि खिशाचे बटण लावले. बोटे थरथरत होती, बटण लागायला वेळ लागला. लेक मदतीला पुढे झाली तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

ऑक्टोबरात मी पुण्याला परतलो. बी आणले नाही. परदेशचे बी आणायचे तर वनस्पतींच्या क्वारंटाइनचे परवाने लागतात, आणि माझ्या बॅगेत त्याऐवजी ताईने दिलेले बदाम होते. प्राध्यापकांच्या खोलीत मी अमेरिकेच्या इतर कोणत्याही वर्णनाआधी माझ्या शेतीचे वर्णन केले. वनस्पतिशास्त्राच्या बाई पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "शेजारी काय लावलं होतं?"

"लवंगी," मी अभिमानाने सांगितले.

त्यांनी पेन खाली ठेवले. "फुलांना पिशव्या बांधल्या होत्या?"

पिशव्या हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला.

बाईंनी मला शाळेतल्या मुलासारखे समजावून सांगितले. मिरचीचे फूल आपले आपल्यालाच फळते. पण मधमाश्या कोणाचे ऐकतात? एका फुलावरचा पराग दुसऱ्यावर जातो. गोड मिरची आणि लवंगी या एकाच जातीच्या, त्यांची लग्ने सहज लागतात. गंमत अशी, की त्या वर्षीच्या फळाला काहीच कळत नाही. फळ गोडच राहते, रंग तोच, आकार तोच. बिघाड असतो तो पोटातल्या बियांत. आणि तो दिसतो पुढल्या वर्षी, त्या बीचे झाड झाल्यावर. म्हणून ज्यांना बी धरायचे असते ते दोन जाती शेकडो फूट अंतरावर लावतात, नाही तर फूल उमलण्याआधी फांदीला पातळ कापडाची पिशवी बांधतात. माशी आत शिरत नाही, आणि फांदी हलवली की फूल आतल्या आत फळते.

"आणि तिखटपणा हा प्रबळ गुण आहे," बाई म्हणाल्या. "ज्या बीत लवंगीचा पराग शिरला असेल, त्याचं झाड तिखटच निघणार."

भावोजी लवंगी घराच्या पुढे का ठेवीत, ते मला तेव्हा कळले. ओढण्यांच्या पिशव्या कशाला, तेही कळले. तीस वर्षे एका माणसाने शेजाऱ्याचे बी राखले, त्याचा गाजावाजा केला नाही, बायकोलाही कारण सांगितले नाही. आणि मी एका उन्हाळ्यात, नीटनेटकेपणाच्या हौसेने, त्यात लवंगी घुसडली. १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली, हे मी पंचवीस वर्षे शिकवीत आलो आहे. ओव्या घालणाऱ्या त्या आगाऊ लोकांचा चेहरा कसा असेल, असा मला नेहमी प्रश्न पडे. त्या रात्री तोंड धुताना तो आरशात दिसला.

शिवाय ते पाकीट एका शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या बटण लावलेल्या खिशात होते.

ताईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दरवर्षी मी पिशव्या शिवून दिल्या. एकदा तरी विचारायला हवं होतं, कशाला म्हणून." आणि लगेच, "नोन्नोंना सांगू नकोस. म्हातारा माणूस, आता कशाला?"

हा सल्ला मी दोन महिने पाळला, आणि त्या दोन महिन्यांत माझ्या जिभेवर कोणतीही मिरची धड लागली नाही. मार्चमध्ये ते बी पेरणार. जुलैत एक चावा घेणार. त्यांना वाटेल, मम्माची मिरची बाटली ती आपल्याच हातून. २०२४च्या जानेवारीत मी पत्र लिहिले. लवंगी, वाफा, मधमाश्या, सारे लिहिले. मटकीसुद्धा लिहिली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. अक्षर लेकीचे, मजकूर त्यांचा. त्यांनी लिहिले होते, की मम्माच्या वेळीही असे एकदा झाले होते. पलीकडे कलाब्रियाचे एक बिऱ्हाड राहायला आले. त्या मुलखातले लोक मिरची जहाल खातात. मम्मा आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग पुढल्या वर्षी तिने भरपूर रोपे लावली, आणि पहिले फळ धरल्यावर प्रत्येक झाडाची एक एक मिरची चावून पाहिली. जी आपल्याला चावेल, ते झाड उपटायचे. जी चावणार नाही, ती आपली. पत्राच्या शेवटी लिहिले होते: "प्रोफेसर, या खेपेला पिशव्या फुलांना."

मी ते पत्र बाईंना दाखवले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर आहे. तिखट प्रबळ असल्यामुळेच हे जमतं. गोड निघालेल्या झाडात लवंगीचा अंश असूच शकत नाही. असता, तर ते तिखट झालं असतं." खेड्यातली ती बाई हे कुठल्या वर्गात शिकली, ते त्यांनाही सांगता आले नाही.

त्या वर्षी रजा मिळणे शक्य नव्हते. बी ताईने पेरले. फ्रिजमधल्या पाकिटातले चोवीस दाणे, उगवले एकोणीस, वाफ्यात लावली सोळा. लवंगीच्या कुंड्या पुढच्या पायऱ्यांवर परत गेल्या. जूनमध्ये तिने प्रत्येक झाडाच्या एकेका फांदीला ओढणीच्या पिशव्या बांधल्या, आणि फोनवर मला दाखवल्या. सोळा झाडे, आणि प्रत्येकाच्या कमरेला चंची अडकवल्यासारखी दिसत होती.

जुलैच्या एका रविवारी तिने चव घ्यायची ठरवली. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. फोन तिने एका खुंटाला टेकवून ठेवला होता. माझ्या शेजारी आई बसली होती. ताईच्या हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. पहिले झाड गोड. दुसरे गोड. तिसऱ्याला ताई थबकली. त्याची फळे जरा आखूड आणि टोकदार होती. तिने चावा घेतला, आणि तिचा चेहरा जो काही झाला, तो पाहून आई इतके दिवसांत प्रथमच हसली. "उपट," मी इकडून ओरडलो. ताईने झाड उपटले. चौथे गोड, पाचवे गोड, सहावे तिखट, सातवे तिखट. सातव्याला तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

"ताई, गूळ खा. पाणी पी."

"मिरचीचं आहे रे," ती म्हणाली. आणि वाफ्याच्या कडेला खाली बसली. उपटलेले झाड मांडीवर होते, त्याच्या फांदीला पिशवी तशीच बांधलेली. तिने ती नाडी सोडवायला घेतली आणि मग तिला पुढे काही सोडवता येईना. ती रडत होती. मोठ्याने, तोंडावर हात न घेता, लहानपणी रडायची तशी. मी फोन हातात घेतला तेव्हा आईने माझे मनगट धरले.

"बंद करू नकोस," ती म्हणाली. "आणि बोलूही नकोस. रडू दे तिला."

फोनच्या चौकटीत बराच वेळ वाफा, आकाशाचा एक तुकडा आणि ताईची पाठ एवढेच दिसत होते. एक मधमाशी येऊन पडद्यासमोर घोटाळली आणि निघून गेली. मग ताईने पदर नसल्यामुळे बाहीने तोंड पुसले, नाक शिंकरले, आणि म्हणाली, "किती झाली रे?"

"सात. आठव्याकडे जा."

सोळांपैकी पाच तिखट निघाली, अकरा गोड. त्या अकरांच्या पिशव्यांतली फळे सप्टेंबरात सुरकुतली, आणि त्यांचे बी ताईने पाकिटात भरून त्यावर वर्ष घातले. नोन्नोंचे कार्ड ऑक्टोबरात आले. लेकीच्या बाल्कनीत त्यांनी चार कुंड्या लावल्या होत्या. तीन गोड निघाल्या. चौथी तिखट होती, पण ती काही त्यांनी उपटली नव्हती. अंड्यांबरोबर बरी लागते, असे लिहिले होते. आणि त्या झाडाच्या फुलांना नव्हे, शेजारच्या तिघींच्या फुलांना पिशव्या बांधल्या आहेत, काळजी नसावी, असेही. ताईने त्या कार्डाला उत्तर म्हणून अकरा झाडांच्या बियांतले अर्धे पाठवून दिले.

नोन्नोंचे घर एका तरुण जोडप्याने घेतले आहे. २०२५च्या मे महिन्यात, दुसऱ्या रविवारी, ताई दह्याचे सहा डबे घेऊन त्यांच्या दारात गेली. त्यांनी भाज्या यापूर्वी कधी लावल्या नव्हत्या. ताईने कुंपणाशी खुर्ची टाकली आहे. परवा फोनवर मला म्हणाली, "आईच्या कपाटात जुनी मलमलची पातळं असतील बघ, विरलेली चालतील. कोणी येणारं असलं तर दोन-तीन पाठव. ओढण्या संपल्या, आणि आता दोन घरांना पिशव्या लागतात."